आरएनएज ए : चार डायसल्फाइड बंध पुन्हा जुळवताना (प्रकल्प नोंदी)

९ जून : प्रोटीन कोणतं आणि का

गुरांच्या स्वादुपिंडातला रायबोन्यूक्लिएज ए (आरएनएज ए, आरएनए तोडणारं एन्झाइम) घेतला आहे. १२४ अमिनो आम्लं, वजन १३.७ किलोडाल्टन, ट्रिप्टोफॅन एकही नाही, टायरोसिन सहा, सिस्टीन आठ. सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल; दोन सिस्टीनचे गंधक जोडले की डायसल्फाइड बंध होतो. या आठ सिस्टीनचे चार बंध ठरलेले आहेत: २६–८४, ४०–९५, ५८–११० आणि ६५–७२. आठ सिस्टीन दोन-दोन करून जुळवायचे ७ × ५ × ३ म्हणजे १०५ प्रकार होतात आणि त्यातला एकच चालतो. अर्धवट जुळलेले प्रकार धरले (एक बंध २८, दोन बंध २१०, तीन बंध ४२०) तर वाटेत भेटू शकणारी रूपं साडेसातशेच्या वर जातात.

क्रिश्चन अॅन्फिन्सेन यांनी १९६१ च्या सुमारास याच प्रोटीनवर दाखवलं की पूर्ण उलगडलेली साखळी स्वतःहून मूळ घडीत परत येते, म्हणजे घडीची माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच असते. १९७२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना स्टॅनफर्ड मूर व विल्यम स्टाइन यांच्यासोबत मिळालं. पाठ्यपुस्तकं बहुतेक इथेच थांबतात. त्यांच्या परीक्षानळीत हवेच्या ऑक्सिजनवर हे काम व्हायला तास लागत होते आणि पेशीत तेच मिनिटांत होतं. हे गणित बसेना म्हणूनच १९६३ मध्ये यकृताच्या मायक्रोसोममध्ये शोध घेतला गेला आणि आज ज्याला प्रोटीन डायसल्फाइड आयसोमरेज, म्हणजे पीडीआय म्हणतात ते एन्झाइम हाती लागलं. आमचा प्रकल्प याच फरकावर आहे: बंध *बनण्याचा* वेग आणि *बरोबर बंध* बनण्याचा वेग वेगवेगळे मोजायचे.

टेबल वेगळं ठेवणं सक्तीचं. आरएनएज उकळून मरत नाही आणि ऑटोक्लेव्हवरही भरवसा ठेवता येत नाही. चार डायसल्फाइड असलेली घट्ट घडी थंड झाली की परत उभी राहते. शेजारी कोणी आरएनए काढत असेल तर पिपेट, टिपा, हातमोजे, कचऱ्याचा डबा सगळं वेगळं, आणि या टेबलावरची एकही वस्तू तिकडे जाऊ द्यायची नाही.

११ जून : द्रावणं

उलगडण्याचा बफर: ६ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड, ०.१ मोलर ट्रिस, १ मिलिमोलर ईडीटीए (धातूंचे अंश धरून ठेवणारं), पीएच ८.६. १० मिलीला ग्वानिडीन ५.७३ ग्रॅम. पावडर ओतल्यावर आकारमान खूप वाढतं, त्यामुळे पाणी आधी निम्मंच घ्यायचं, सगळं विरघळल्यावर १० मिलीपर्यंत भरायचं. विरघळताना नळी गार पडते. पीएच खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय लावायचा नाही, कारण ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर सरकतो.

पावसाळ्यात ग्वानिडीनचा भरवसा धरू नये. बरणी चार वेळा उघडली की खडे होतात, आणि वजनात पाणीही तोललं जातं. त्यामुळे अपवर्तनांक मोजला: बफर आणि ग्वानिडीनयुक्त बफर यांच्या अपवर्तनांकात ०.१०० चा फरक आला की द्रावण जवळपास बरोबर ६ मोलर असतं. युरियाचा पर्याय मुद्दाम टाळला. जुन्या युरियात सायनेट तयार होतं, ते लायसिनला चिकटतं, आणि या प्रोटीनचं लायसिन-४१ क्रियास्थानातच बसलेलं आहे.

डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं द्रव्य) दर वेळी ताजं. १०० मिलिमोलरसाठी मिलीला १५.४ मिग्रॅ. वास जास्त उग्र म्हणजे माल चांगला असं समजू नये. रंगरूपावरून काहीच कळत नाही, एलमन चाचणीच (मोकळे थायोल, म्हणजे सिस्टीनसारखे –एसएच गट, मोजणारी) लावावी.

क्षपित (थायोल मोकळा असलेलं) ग्लुटाथायोन, म्हणजे जीएसएच, १०० मिलिमोलर: ३०.७ मिग्रॅ प्रति मिली. ऑक्सिडीकृत रूप (दोन रेणू डायसल्फाइडनं जोडलेले), म्हणजे जीएसएसजी, २० मिलिमोलर: १२.३ मिग्रॅ प्रति मिली. दोन्ही आम्लधर्मी आहेत, साध्या पाण्यात विरघळवले की पीएच ३ च्या आसपास येतो. जीएसएचचा पीएच स्टॉकमध्ये ८ वर नेऊन ठेवला तर ते काही तासांत हवेनं ऑक्सिडाइज होतं. आम्लधर्मीच ठेवावं, बर्फावर ठेवावं, आणि पीएच सांभाळण्याचं काम घडी घालण्याच्या बफरवर सोडावं.

१२ जून : उलगडणं आणि क्षपण

२० मिग्रॅ आरएनएज २.५ मिली ग्वानिडीन बफरमध्ये (०.५८ मिलिमोलर, म्हणजे डायसल्फाइड २.३ मिलिमोलर). त्यावर डीटीटी १०० मिलिमोलर, चाळीस पटींहून जास्त. नायट्रोजन सोडून झाकण बंद, ३७ अंशांवर २ तास.

ग्वानिडीनशिवाय नुसतं डीटीटी घातलं तर काय होतं हे एका छोट्या नळीत पाहिलं. मूळ घडीतले बंध आत दडलेले असतात, ४०–९५ आणि ६५–७२ त्यातल्या त्यात उघडे. क्षपण रेंगाळतं, आणि थायोल मोजले तर आठच्या बरेच खाली अडकतात. म्हणजे उलगडणं आणि तोडणं ही दोन कामं एकाच वेळी करावी लागतात.

थांबवताना आधी आम्ल, मग कॉलम, असाच क्रम. तीव्र अॅसिटिक आम्लानं पीएच ४ च्या खाली आणला. सिस्टीनच्या थायोलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे थायोल प्रोटॉन सोडतात) ८.३ च्या जवळ असतो आणि हल्ला करणारं रूप म्हणजे थायोलेट, –एस ऋण. पीएच ४ ला ते दहा-वीस हजारांत एखादंच उरतं, त्यामुळे साखळी सुटी असूनही बंध जुळत नाहीत.

१३ जून : मीठ काढणं, थायोल मोजणं

पीडी-१० कॉलम (लहान रेणू मागे ठेवून प्रोटीन आधी सोडणारा), ०.१ मोलर अॅसिटिक आम्लात समतोल केलेला. नमुना २.५ मिली चढवला, पहिला प्रवाह टाकून दिला, मग त्याच आम्लानं उतरवला. नियमानं ३.५ मिली गोळा करतात. इथे पहिले २.८ मिलीच घेतले आणि शेपूट सोडून दिलं. कारण शेपटात डीटीटी येतं आणि एका डीटीटीवर दोन थायोल असतात. नमुन्यात प्रोटीन २० मायक्रोमोलर असेल तर थायोल १६० हवेत. फक्त १० मायक्रोमोलर डीटीटी उरलं तरी १८० दिसतात आणि उत्तर येतं "रेणूमागे नऊ". आठपेक्षा जास्त उत्तर म्हणजे कॉलम परत. आठपेक्षा कमी म्हणजे क्षपण अपुरं, किंवा आम्ल घालायला उशीर.

प्रोटीनची तीव्रता २८० नॅनोमीटरवर, गुणांक ८,९४० (सहा टायरोसिन × १,४९०). मूळ प्रोटीनसाठी चार डायसल्फाइडचे ५०० मिळवून ९,४४०. पुष्कळ जण एकच आकडा दोन्हीकडे लावतात, त्यात ५ टक्क्यांची चूक तिथेच होते. तीव्रता ०.४ मिलिमोलरवर आणून ठेवली.

एलमन: डीटीएनबी (थायोलशी जुळून पिवळा रंग देणारं द्रव्य) १० मिलिमोलर (३.९६ मिग्रॅ प्रति मिली, ०.१ मोलर फॉस्फेट, पीएच ७). क्युव्हेटमध्ये ०.१ मोलर फॉस्फेट, पीएच ८, १ मिलिमोलर ईडीटीए, डीटीएनबी ०.२ मिलिमोलर, नमुना २० मायक्रोलिटर, एकूण १ मिली. ०.४ मिलिमोलर स्टॉकमधून प्रोटीन ८ मायक्रोमोलर आणि थायोल ६४, म्हणजे ४१२ नॅनोमीटरवर १४,१५० च्या गुणांकानं ०.९१. नमुना ५० मायक्रोलिटर घेतला तर शोषण २ च्या वर जातं आणि बऱ्याच स्पेक्ट्रोंचं तिथलं वाचन विश्वासाचं नसतं. ग्वानिडीनमध्ये मोजायचं असेल तर गुणांक १३,७००.

स्टॉक १०० मायक्रोलिटरच्या वाट्यांत, उणे ८० वर. आम्लात गोठवला की टिकतो.

१६ जून : पाच नळ्या

बफर सगळीकडे तोच: ०.१ मोलर ट्रिस, १ मिलिमोलर ईडीटीए, पीएच ८.०, २५ अंश. प्रत्येकी १ मिली. प्रोटीन शेवटी, व्होर्टेक्सवर नळी फिरत असतानाच २५ मायक्रोलिटर, म्हणजे १० मायक्रोमोलर (०.१४ मिग्रॅ प्रति मिली). या २५ मायक्रोलिटरबरोबर आलेलं आम्ल २.५ मिलिमोलर होतं, ०.१ मोलर ट्रिस ते पचवतं, पीएच ०.०५ पेक्षा जास्त हलत नाही. २० मिलिमोलर ट्रिसवर हेच केलं तर पीएच जवळपास पाव एककानं खाली येतो.

नळी क मध्ये काहीच नाही, फक्त हवा. ख मध्ये जीएसएसजी २ मिलिमोलर, क्षपित रूप शून्य. ग मध्ये जीएसएच १ मिलिमोलर अधिक जीएसएसजी ०.२ मिलिमोलर. घ मध्ये जीएसएच ५ मिलिमोलर एकटं. च म्हणजे ग-चंच मिश्रण, वर पीडीआय १.४ मायक्रोमोलर (५७ किलोडाल्टन धरून मिलीला ०.०८ मिग्रॅ).

क मधलं ईडीटीए मुद्दाम तसंच ठेवलं आहे. हवेनं होणारं ऑक्सिडीकरण प्रत्यक्षात पाण्यातल्या तांब्या-लोखंडाच्या अंशांवर चालतं. ईडीटीए नसेल तर "हवेचा वेग" हा डिस्टिल्ड पाण्याच्या कॅनवर अवलंबून राहतो आणि दोन आठवड्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

क्रियाशीलता: २०-२० मायक्रोलिटर काढून थेट चक्रीय २',३'-सीएमपीमध्ये (आरएनएज तोडतं तो छोटा सब्स्ट्रेट; ०.१ मिग्रॅ प्रति मिली, ०.१ मोलर ट्रिस, पीएच ७.१), २८४ नॅनोमीटरवर चढण मोजायची. फक्त सुरुवातीचा उतार घ्यायचा, कारण तयार होणारं ३'-सीएमपी याच एन्झाइमला अडवतं. सब्स्ट्रेट जास्त घालून घडी पडतापडताच मोजणी करायची असेल तर २९६ नॅनोमीटरवर जावं लागतं. २८४ वर सब्स्ट्रेटचंच शोषण क्युव्हेट भरून टाकतं.

ख मधला निकाल सगळ्यात बोलका. एलमन लावला तर थायोल भराभर संपले, म्हणजे "ऑक्सिडीकरण पूर्ण". क्रियाशीलता मात्र जागची हलेना. वस्तुमान पाहिलं की कारण कळतं: क्षपित साखळी १३,६९० आणि त्यावर ३०५ च्या पायऱ्या. प्रत्येक पायरी म्हणजे सिस्टीनवर चिकटलेलं एक ग्लुटाथायोन. साखळीला आपला जोडीदार सापडण्याआधीच त्याची जागा ग्लुटाथायोननं अडवली, आणि ते सोडवायला नळीत एकही मोकळा थायोल नाही.

ग मध्ये सुरुवातीला काही काळ क्रियाशीलता दिसतच नाही, मग चढते. या दरम्यान थायोल कमी होत असतात, म्हणजे बंध बनत असतात, पण चुकीचे. जीएसएच ते तोडतं, साखळी पुन्हा जुळवून पाहते. एक बंधाच्या टप्प्यावर ६५–७२ इतरांपेक्षा बराच जास्त सापडतो, कारण दोन सिस्टीन साखळीत अगदी जवळ आहेत आणि मधला वळसाही अनुकूल आहे. पुढे तीन बंधांच्या टप्प्यावर ४०–९५ किंवा ६५–७२ एवढाच बाकी असलेली रूपं येतात. त्यांची घडी मूळ घडीसारखीच असते आणि आतले तीन बंध त्यामुळे तुटण्यापासून वाचतात. बंध घडीला धरून ठेवतो हे खरं, पण बरोबर बंध निवडला जातो तो घडीनं त्याला आत दडवल्यामुळे.

घ अगदीच संथ. जे थोडं झालं ते बाटलीतल्या जीएसएचमध्ये आधीच असलेल्या जीएसएसजीच्या अंशामुळे आणि हवेमुळे. च मध्ये सुरुवातीचा थांबा आखूड आणि चढण तीव्र.

१८ जून : जेल

वेळेचे नमुने थांबवायला १५ टक्के ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल, बर्फावर अर्धा तास, गाळ थंड अॅसिटोननं दोनदा धुतला, मग एसडीएस बफरमध्ये एएमएस (मोकळ्या सिस्टीनला चिकटणारं मॅलेइमाइड) घालून विरघळवला. एएमएस प्रत्येक मोकळ्या सिस्टीनवर सुमारे अर्धा किलोडाल्टन चढवतं, त्यामुळे पूर्ण क्षपित साखळी ४ किलोडाल्टननं वर सरकते आणि मधल्या पायऱ्या वेगळ्या दिसतात. गाळात आम्ल उरलं तर ब्रोमोफेनॉल ब्लू पिवळं पडतं. पिवळी नळी तशीच जेलवर चढवू नये: आम्लात मॅलेइमाइडची अभिक्रिया होत नाही आणि क्षपित नमुनाही ऑक्सिडाइज झाल्यासारखा दिसतो. १ मोलर ट्रिसचा एखादा मायक्रोलिटर, निळं होईपर्यंत.

नमुन्याच्या बफरमध्ये बीटा-मरकॅप्टोइथेनॉल अर्थातच नाही. मार्कर क्षपित असेल तर तो आणि नमुने यांच्यात दोन लेन रिकाम्या, नाहीतर ते पाझरून शेजारच्या लेनचे बंध तोडतं आणि तिरका बँड येतो.

आयोडोअॅसिटेटनं थांबवलेले नमुने क्रियाशीलतेसाठी वापरू नयेत. आम्लधर्मी पीएचला, ५.५ च्या आसपास, ते याच प्रोटीनच्या क्रियास्थानातल्या हिस्टिडीन-१२ आणि ११९ वर जाऊन बसतं. एन्झाइमची घडी उत्तम, क्रिया शून्य, आणि दोष मात्र घडीला लागतो.

२३ जून : मुद्दाम गोंधळवलेलं आरएनएज

पीडीआय नेमकं काय करतं ते च वरून नीट सुटं होत नाही, कारण तिथे बंध बनणं आणि बदलणं सोबत चालतं. म्हणून क्षपित साखळी परत ६ मोलर ग्वानिडीनमध्ये, पीएच ८.५, अंधारात, हवेवर ऑक्सिडाइज केली. घडी पडूच दिली नाही, त्यामुळे जुळणी जवळपास यदृच्छेनं झाली. थायोल शून्याच्या जवळ येईपर्यंत थांबून आम्ल आणि कॉलम. अशा मालाची क्रियाशीलता १ टक्क्याच्या आसपास असते, १०५ त एक या हिशेबाशी सुसंगत.

हा माल नुसत्या बफरमध्ये ठेवला तर तसाच राहतो. सगळे बंध बंद, अदलाबदल सुरू करायला थायोल नाही. पूर्ण ऑक्सिडीकृत पीडीआय एकटं घातलं तरी तेच. १० मायक्रोमोलर डीटीटी घातलं, पीडीआय ठेवलं, पीएच ७.५, ३० अंश: क्रियाशीलता परतू लागते. पीडीआयच्या क्रियास्थानात सिस्टीन-ग्लायसिन-हिस्टिडीन-सिस्टीन असा क्रम असतो. त्यातला पहिला सिस्टीन चुकीच्या बंधावर हल्ला करून साखळीला तात्पुरता चिकटतो, सुटलेला सिस्टीन दुसरा जोडीदार शोधतो. शोधायला फार वेळ लागला तर पीडीआयचा दुसरा सिस्टीन आपल्याच पहिल्यावर हल्ला करून सुटका करून घेतो, साखळी क्षपित होऊन बाहेर पडते आणि नव्यानं सुरुवात करते. या दुसऱ्या सिस्टीनविना पीडीआय साखळीवर अडकून पडतं.

पीडीआय तसं सुस्त एन्झाइम आहे, मिनिटाला एक रेणूही मार्गी लागत नाही. पेशी त्याची भरपाई संख्येनं करते.

२६ जून : नळीतली परिस्थिती पेशीशी ताडून

ग्लुटाथायोनचं विभव (जितकं खाली तितकं वातावरण जास्त क्षपणकारी) काढताना क्षपित रूपाचा वर्ग येतो: ई = –२४० – २९.६ × लॉग(जीएसएच² ÷ जीएसएसजी), मिलिव्होल्ट, पीएच ७, तीव्रता मोलरमध्ये. ग नळीसाठी ते –१७२ येतं. तेच ५ : १ गुणोत्तर ठेवून तीव्रता दहापट केली की –२०२. गुणोत्तर तेच, तरी वातावरण ३० मिलिव्होल्टनं जास्त क्षपणकारी. पाककृतीत नुसतं "पाचास एक" लिहून ठेवणं म्हणूनच अपुरं आहे. पीएच ८ ला हेच आकडे आणखी ५९ नं खाली.

पेशीद्रवात जीएसएच जीएसएसजीच्या कितीतरी पट, पन्नासाच्या वर. त्यामुळे तिथे डायसल्फाइड टिकत नाहीत. आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे ईआरमध्ये, १९९२ च्या मोजणीनुसार हे प्रमाण १ ते ३ ला १. आरएनएज पेशीबाहेर स्रवणारं प्रोटीन आहे, सेक-६१ वाहिनीतून साखळी ईआरमध्ये शिरते तेव्हा तिची घडी याच वातावरणात पडते. तिथला पीएच ७.२ च्या जवळ. पीकेए ८.३ धरला तर साध्या सिस्टीनचा ७ टक्के भागच थायोलेट असतो, आमच्या पीएच ८ ला ३३ टक्के. पीडीआयच्या पहिल्या सिस्टीनचा पीकेए खूप खाली असल्यानं त्याला हा अडसर नाही. नळीत पीएच वाढवून आम्ही जे मिळवतो ते पेशी क्रियास्थानाच्या रचनेतून मिळवते.

पीडीआयला परत ऑक्सिडीकृत करायचं काम ईआरओ-१ या ईआरमधल्या एन्झाइमकडे. १९९८ मध्ये यीस्टमध्ये सापडलं. ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देतं आणि दर बंधामागे हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू तयार होतो. दिवसभर इन्सुलिन किंवा पाचक एन्झाइमं स्रवणाऱ्या पेशीला हा खर्च छोटा नाही.

३० जून : प्रोलिन

बंध न तोडता नुसतं ग्वानिडीननं उलगडलेलं आरएनएजही एका वेगानं परत येत नाही. काही रेणू झटपट, बहुतेक मागे रेंगाळतात. मूळ घडीत प्रोलिन ९३ आणि ११४ च्या आधीचे पेप्टाइड बंध सिस (साखळीचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूला) असतात. उलगडल्यावर ते बहुतांशी ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) होतात आणि परत फिरायला वेळ लागतो. त्यामुळे च मधली मागची संथ चाल पीडीआयच्या नावावर मांडायची नाही. उलगडल्यापासून घडीपर्यंत बर्फावर किती वेळ गेला याची नोंद प्रत्येक नळीवर हवी.

३ जुलै : पुढचं काम

पुढचं प्रोटीन प्रोइन्सुलिन, इन्सुलिनची पूर्वसाखळी: सहा सिस्टीन, तीन बंध (ए६–ए११, ए७–बी७, ए२०–बी१९; ए आणि बी हे साखळीचे भाग), १५ शक्यता. आकडा लहान, काम अवघड, कारण हे गोळा होतं. आरएनएजला ०.१४ मिग्रॅ प्रति मिली चालून गेलं, इथे सुरुवात ०.०५ पासून. घडी पडणं एका रेणूचं काम, गोळा होणं अनेकांचं. तीव्रता दुप्पट केली की दुसरं पहिल्यापेक्षा जास्त वाढतं. एकदम ओतण्याऐवजी थोडं थोडं, आधीचं प्रोटीन घडीत गेल्यावर पुढचं. गोळा होणं रोखायला ०.५ मोलर आर्जिनिनची एक मालिका सोबत. अकिता या मधुमेही उंदरांत ए७ च्या सिस्टीनचं टायरोसिन झालेलं असतं. एक जोडीदार गेला की बी७ मोकळा राहतो, साखळी ईआरमध्ये अडकते आणि बीटा पेशी मरतात; तो बदल असलेली आवृत्ती तुलनेसाठी.

दोन्ही ई. कोलायमध्ये बनवायची आहेत. पेशीद्रवात बनवली तर अघुलनशील गोळे मिळतील आणि ते उलगडून वरचीच पद्धत लावावी लागेल. पेरिप्लाझ्ममध्ये, म्हणजे जीवाणूच्या दोन आवरणांमधल्या जागेत, पाठवली तर डीएसबीए हे एन्झाइम बंध घालतं आणि डीएसबीसी हे दुसरं एन्झाइम चुकलेले बदलतं. डीएसबीए फार उतावीळ आहे, क्रमानं शेजारी येणारे सिस्टीन जोडत जातं. ए६–ए७–ए११ इतके जवळ असताना त्याचा काय गोंधळ होतो ते पाहायला डीएसबीसी नसलेला स्ट्रेन लागेल. संवर्धन ३७ ऐवजी ३० अंशांवर, पेरिप्लाझ्म काढायच्या बफरमध्ये १० मिलिमोलर एनईएम (मोकळे थायोल बंद करणारं द्रव्य), पीएच ७.० च्या वर नाही, कारण त्यापुढे एनईएम लायसिनवरही चढू लागतं. एनईएम पाण्यात टिकत नाही, त्याचा स्टॉक इथेनॉलमध्ये करायचा आहे.